हॉलिवूडमधलं इजिप्त, दोनदा दुरुस्त

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बुलेव्हार्डवरचं इजिप्शियन थिएटर १८ ऑक्टोबर १९२२ रोजी उघडलं. पहिला खेळ डग्लस फेअरबँक्सच्या 'रॉबिन हूड'चा. हॉलिवूडचा पहिला झगमगाटी प्रीमियर तो हाच, असं मानतात. तुतनखामेनच्या कबरीमुळे इजिप्तचं वेड पसरलं आणि त्या लाटेत हे थिएटर झालं, ही समजूत मात्र चुकीची. कबर सापडली नोव्हेंबरात, उद्घाटनानंतर.

खेळ अंगणापासूनच

मालक सिड ग्राउमन पक्का तमासगीर. वास्तुरचना मायर अँड होलर यांची. त्यांनी थिएटर रस्त्याला चिकटवलं नाही, मध्ये सुमारे १५० फूट लांबीचं अंगण सोडलं. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पलीकडे चार दांडगे खांब, जागोजागी रंगीत चित्रलिपी. वर तटावर पहारेकऱ्याच्या वेशातला माणूस फेऱ्या मारत खेळाची वर्दी देई. तिकीट काढून आत पोचेपर्यंत रस्ता मागे पडलेला असायचा. आत पडद्याच्या दोन्ही बाजूंना खांब आणि स्फिंक्स, माथ्यावर सूर्यकिरणांची नक्षी. हे सगळं नाटकाच्या नेपथ्यासारखं, म्हणजे बरंचसं प्लास्टर आणि रंग. अशी सजावट टिकवणं दगडी देऊळ टिकवण्यापेक्षा अवघड, कारण पोपडा निघाला की इजिप्तच निघून जातं.

पडदा मोठा झाला

१९५५मध्ये 'ओक्लाहोमा!' लावायचा होता. त्याच्या ७० मिलिमीटर चित्रासाठी भलामोठा वक्र पडदा हवा होता, म्हणून मंचाची चौकट, खांब आणि स्फिंक्स काढून टाकले. सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि ते धंदा तेजीत असताना झालं. १९९२मध्ये थिएटर बंद पडलं. जानेवारी १९९४च्या भूकंपानं उरलेल्या भिंतीही खिळखिळ्या केल्या.

एका डॉलरचा सौदा

१९९६मध्ये शहराच्या पुनर्विकास संस्थेनं ही वास्तू अमेरिकन सिनेमाथेक या संस्थेला एका डॉलरला दिली. अट एकच : दुरुस्त करून पुन्हा चित्रपट दाखवायचे. खरी अडचण आवाजाची होती. हे मूकपटांचं थिएटर. इथल्या उंच, टणक भिंतींवर आजचा ध्वनी आदळून घुमतो. भिंतींवर आवाज शोषणारं अस्तर ठोकलं, तर जुनी चित्रकला झाकली जाणार. हॉजेट्स अँड फंग या वास्तुरचनाकारांनी जुन्या सभागृहाच्या पोटात वेगळा पोलादी सांगाडा उभारला आणि त्यावर सरकते फलक बसवले. फलक सरकवले की जुन्या भिंती दिसत, लावले की आवाज आवरे. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, याचा घोळ राहिला नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, दिसायला तो जरा रुक्ष असला तरी. ४ डिसेंबर १९९८ला दारं उघडली ती 'द टेन कमांडमेंट्स' या मूकपटानं. बरोबर ७५ वर्षांपूर्वी त्याचा प्रीमियर याच अंगणात झाला होता.

दुसरी फेरी

२०२०मध्ये नेटफ्लिक्सनं ही इमारत विकत घेतली. नव्या कामावर ७ कोटी डॉलर खर्चल्याचं सांगितलं जातं. १९९८ची बाल्कनी काढली, खुर्च्या ६१६वरून ५१६वर आणल्या. शंभर तिकिटं घालवून सभागृहाला जुनी उंची परत मिळाली. माझ्या मते सौदा स्वस्तात झाला. भूकंपासाठी मजबुतीकरण झालं, अंगणही सावरलं. नायट्रेट फिल्म चालवता येणाऱ्या अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांपैकी हे एक. ती फिल्म चटकन पेट घेते, म्हणून प्रक्षेपणाची खोली आगीपासून खास बंदोबस्तात ठेवावी लागते.

९ नोव्हेंबर २०२३ला थिएटर पुन्हा सुरू झालं. करारानुसार शुक्रवार ते रविवार सिनेमाथेकचे खेळ, बाकीचे दिवस नेटफ्लिक्सचे. तिकडे नातेवाइकांकडे जाणं झालं तर शनिवार-रविवारचा एखादा जुना चित्रपट निवडा, आणि अर्धा तास आधी पोचा. ते अंगण घाईत ओलांडू नका.