चरबी जाळणारें औषध आणि खेळाडूचें नांव

कर्जत व खालापूर या तालुक्यांत सीताफळाच्या झाडाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पावसाळा सरूं लागला, कीं त्याचीं फळें बाजारांत येतात व तीं लहानथोर आवडीनें खातात. परंतु त्याच फळाच्या बियांची पूड उवांवर लावतांना घरांतील वडील माणसें 'डोळ्यांत जाऊं देऊं नका' असें बजावल्याशिवाय राहत नाहींत. कारण ती पूड डोळ्यांस मोठा अपाय करते. एकाच झाडाचा एक भाग गोड व दुसरा घातक असूं शकतो, हें ज्ञान साध्यासुध्या कुटुंबासहि परंपरेनें मिळालेलें आहे. असें असून 'वनस्पतिजन्य', 'संपूर्ण नैसर्गिक' अशीं अक्षरें छापलेला एखादा डबा शहरांतल्या दुकानांतून घरीं आला, म्हणजे हें ज्ञान बाजूस पडतें. मुलगा व्यायाम करतो, चार पैसे टाकून कांहीं पौष्टिक आणतो, एवढेंच आईबापांस दिसतें. अशाच प्रकारच्या एका पदार्थापायीं एका नामांकित फुटबॉलपटूवर कोणता प्रसंग ओढवला, आणि त्यांत दोष कोणाचा किती होता, याचा विचार प्रस्तुत विषयांत करावयाचा आहे.

प्रथम 'चरबी जाळणें' या शब्दांचा अर्थ पाहूं. चरबी म्हणजे शरीरानें अडीअडचणीसाठीं सांठविलेलें इंधन होय. श्रम किंवा भीति यांचा प्रसंग आला, कीं शरीरांतील कांहीं ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन नांवाचें द्रव्य रक्तांत सुटतें. तें हृदयाची गति वाढवितें, श्वासनलिका रुंद करितें आणि चरबीच्या पेशींस आपला सांठा मोकळा करण्याचा हुकूम देतें. मात्र मोकळी झालेली चरबी श्रमानें खर्ची पडली नाहीं, तर ती पुन्हां सांठ्यांत जाऊन पडते. डब्यांतील औषध हा हुकूम खोटाच देऊं पाहतें. श्रम कांहीं तें करूं शकत नाहीं.

हा प्रकार कर्जतच्या लोकांस एका परिचित उदाहरणानें चटकन् समजेल. पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना कर्जत स्थानकावर मागून जादा इंजिनें जोडतात, आणि बोरघाट चढून गाडी लोणावळ्यास पोहोंचली, कीं तीं सोडवून घेतात. चढ आहे म्हणून इंजिन आहे; चढ संपला कीं त्याचें काम संपलें. अ‍ॅड्रेनलीनचें कार्य असेंच आहे. दम्याच्या रोग्यास श्वासनलिका रुंद करणारें औषध डॉक्टर देतात, तें घाटांत इंजिन जोडण्यासारखेंच आहे. परंतु सपाटीवर, कारण नसतांना, कोणी अनोळखी माणसानें मागून इंजिन लावून गाडी रेटावी, तर त्यास प्रवासाची सोय कोण म्हणेल?

अशा प्रकारें कार्य करणाऱ्या द्रव्यांच्या एका गटास शास्त्रज्ञ 'बीटा-दोन उत्तेजकें' म्हणतात. हायजेनामीन नांवाचें एक द्रव्य या गटांत मोडतें. तें कारखान्यांत बनवितां येतें, तसेंच वनस्पतींतहि सांपडतें. आणि त्या वनस्पतींचीं नांवें ऐकून मराठी माणसास नवल वाटेल. कमळांत तें आहे, बचनागांत आहे, गुळवेलीच्या जातीच्या एका वेलींत आहे, आणि आपल्या सीताफळाच्या झाडांतहि तें आढळलेलें आहे. फळ खाणाऱ्यानें यावरून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. झाडांत अल्पांशानें असणारें द्रव्य वेगळें काढून व दाट करून डब्यांत भरणें ही गोष्टच निराळी. 'वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी' हें अनुमान किती पोकळ आहे, तें मात्र बचनागाच्या नांवावरूनच सिद्ध होतें. कारण बचनाग हीहि वनस्पतीच आहे आणि तें जहाल विष आहे.

आतां त्या फुटबॉलपटूकडे वळूं. मामाडू साखो हा फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला बचावपटू. २०१६ सालीं तो इंग्लंडांतील लिव्हरपूल संघांत होता. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं मँचेस्टर युनायटेड संघाविरुद्ध युरोपा लीग स्पर्धेचा सामना झाला व सामन्यानंतर त्याच्या लघवीचा नमुना घेण्यांत आला. नमुन्यांत हायजेनामीन आढळलें. चरबी कमी करण्यासाठीं त्यानें घेतलेल्या औषधांतून तें आल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. युरोपीय फुटबॉल महासंघानें एप्रिलच्या अखेरीस त्यास तीस दिवसांसाठीं तात्पुरतें निलंबित केलें. या काळांत, १८ मे रोजीं, स्वित्झर्लंडमधील बाझल येथें स्पर्धेचा अंतिम सामना झाला. लिव्हरपूलचा संघ सेव्हियाकडून तीन विरुद्ध एक गोलांनीं हरला. साखो मैदानावर नव्हता. पुढें त्याच्याच देशांत युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा भरली. त्या संघांतहि त्यास स्थान मिळालें नाहीं.

खेळांतील उत्तेजकांविषयींचा कायदा कडक आहे. नमुन्यांत निषिद्ध द्रव्य आढळलें, कीं नियमभंग झाला असें धरलें जातें; 'ठाऊक नव्हतें' किंवा 'दुकानदारानें सांगितलें नाहीं' हे बचाव चालत नाहींत. हेतूचा व निष्काळजीपणाचा विचार होतो, तो मुख्यतः शिक्षा किती द्यावी हें ठरवितांना. हा नियम कठोर वाटतो. पण तो नसता, तर प्रत्येक लबाड खेळाडूनें अज्ञानाचें सोंग आणलें असतें व प्रामाणिकाचा खेळ बुडाला असता.

परंतु या कठोरपणाची दुसरी बाजूहि तितकीच महत्त्वाची आहे. खेळाडूनें काय खाऊं नये हें ज्याला ठरवावयाचें, त्यानें तें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. निषिद्ध द्रव्यांची यादी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था तयार करते. तिला 'वाडा' म्हणतात. २०१६ च्या यादींत 'सर्व बीटा-दोन उत्तेजकें' असा व्यापक शब्दप्रयोग होता; हायजेनामीन हें नांव तींत नव्हतें. इतकेंच नव्हे, तर वाडाची मान्यता असलेल्या सर्व प्रयोगशाळा या द्रव्याची तपासणीहि करीत नव्हत्या. एका शाळेंत चूक धरली जाणारी गोष्ट दुसऱ्या शाळेंत पाहिलीच जात नसेल, तर विद्यार्थ्यानें कोणता धडा घ्यावा? महासंघाच्या शिस्तपालन मंडळानें तज्ज्ञांचीं मतें ऐकलीं आणि ८ जुलै २०१६ रोजीं साखोविरुद्धचा खटला काढून टाकला. १ जानेवारी २०१७ पासून अंमलांत आलेल्या यादींत हायजेनामीनचें नांव स्पष्टपणें घालण्यांत आलें.

येथेंहि हें प्रकरण मिटलें नाहीं. खटला निकालांत निघाल्यावरहि साखोनें नियम मोडला होता, अशा अर्थाचीं विधानें वाडाकडून वृत्तपत्रांस केलीं गेलीं. त्यानें अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर २०२० मध्यें लंडनच्या न्यायालयांत वाडानें आपलीं विधानें मागें घेऊन त्याची क्षमा मागितली व भरपाई देण्याचें मान्य केलें. चार वर्षांहून अधिक काळानें नांव निष्कलंक झालें. पण बाझलचा तो सामना पुन्हां होणार नव्हता.

असेंच दुसरें उदाहरण महाराष्ट्रांतलें आहे. विरारला वाढलेला पृथ्वी शॉ हा त्या काळीं मुंबईकडून खेळणारा क्रिकेटपटू. २०१३ सालीं हॅरिस शील्ड स्पर्धेंत, शाळकरी वयांत, त्यानें एका डावांत ५४६ धावा केल्या, तेव्हां त्याचें नांव घरोघर पोहोंचलें. २०१८ सालीं राजकोटला पहिल्याच कसोटींत त्यानें शतक ठोकलें. पुढील वर्षीं २२ फेब्रुवारीस, इंदूर येथील सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळीं, त्याचा नमुना घेतला गेला व त्यांत टर्ब्युटालीन निघालें. हें द्रव्य खोकल्याच्या कांहीं औषधांत असतें आणि तेंहि बीटा-दोन गटांतीलच आहे. खोकल्यावर औषध म्हणून नकळत तें घेतलें गेलें, हा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळानें मान्य केला. तरीहि १६ मार्चपासून १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत आठ महिने त्यास खेळण्याची बंदी झाली. साखोच्या प्रकरणांत नियमच संदिग्ध होता. शॉच्या प्रकरणांत नियम स्पष्ट होता. म्हणून एक सुटला व दुसऱ्यास शिक्षा झाली. परंतु दोघांचेंहि नुकसान झालें तें तोंडांत एखादी वस्तु घालण्यापूर्वी पुरती चौकशी न झाल्यामुळें, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर सुज्ञ गृहस्थ म्हणेल, "डब्यावरील मजकूर वाचून घेतला म्हणजे झालें." दुर्दैवानें तेवढ्यानें भागत नाहीं. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या व हायजेनामीनचा उल्लेख असलेल्या चोवीस पदार्थांची तपासणी संशोधकांनीं करून २०१८ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं केवळ पांच डब्यांवर द्रव्याचें नेमकें प्रमाण दिलेलें होतें, आणि त्या पांचांपैकीं एकाहि डब्यावरील आंकडा खरा निघाला नाहीं. कांहींत तें नांवापुरतें होतें, तर एकांत एका मात्रेस सुमारें ६२ मिलिग्रॅम भरलें. याहून वाईट प्रकार म्हणजे जें डब्यावर मुळींच लिहिलेलें नसतें तें आंत असणें. भूक मारणारें सिब्युट्रामीन हें औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळें २०१० सालीं युरोप-अमेरिकेंतून मागें घेण्यांत आलें व २०११ सालीं भारतांत त्यावर बंदी आली. तरी त्यानंतरहि 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत तें निरनिराळ्या देशांत चोरून मिसळलेलें सांपडलें आहे. खेळाडूंसहि तें निषिद्ध आहे. अशा ठिकाणीं केवळ खेळच नव्हे, तर प्राणहि पणास लागतो.

मग घरच्या माणसांनीं करावें काय? पहिली गोष्ट, जो मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याच्या वा राज्याच्या संघाकडे वाटचाल करीत आहे, त्यानें औषध घेण्यापूर्वी 'मी स्पर्धेंत खेळतो' हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. खरोखर आवश्यक असें औषध निषिद्ध यादींत असेल, तर रीतसर अर्ज करून त्याची परवानगी मिळवितां येते. परंतु नियम असा, कीं ती सामान्यतः आधीं मिळवावी लागते. दुसरी गोष्ट, भारतांत २००५ पासून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था कार्य करीत आहे व २०२२ सालीं तिला कायद्याचा आधार मिळाला. औषधाच्या नांवावरून तें निषिद्ध आहे कीं नाहीं, हें पाहण्याची मोफत सोय तिनें केलेली आहे. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती सोय औषधांपुरती आहे. पूरक आहाराच्या प्रत्येक डब्यांत काय भरलें आहे, याची हमी कोणतीहि यादी देऊं शकत नाहीं. म्हणून जेथें गरज नाहीं, तेथें डबाच न आणणें हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय होय.

वजन कमी करण्याचा मार्ग नवा नाहीं व गुप्तहि नाहीं. नियमित आहार, पुरेशी झोंप आणि रोजचा व्यायाम यांनीं तें सावकाश उतरतें. माथेरानचा डोंगर रोज पायीं चढणाऱ्यास चरबीच्या डब्याची आठवण क्वचितच होते. उशीर लागतो, हाच काय तो या मार्गाचा दोष. आणि त्या उशिराला कंटाळूनच माणूस दुकानाची पायरी चढतो.

खेळाडूच्या शरीरांत जें जातें, त्याचा जाब अखेर खेळाडूसच द्यावा लागतो. नियम करणाऱ्यांनीं ते स्वच्छ शब्दांत लिहिले पाहिजेत, विकणाऱ्यांनीं खरें छापलें पाहिजे; हीं दोन्ही कर्तव्यें त्यांचीं आहेत, आणि त्यांचीं माप त्यांच्या पदरांत घालावयास समाजानें चुकूं नये. परंतु तीं पार पडेपर्यंत थांबण्याची सवड पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नसते. त्याच्या हातांतला डबा उघडण्यापूर्वी तो दूर ठेवण्याचें काम घरांतल्याच कोणी तरी केलें पाहिजे.