विज्ञानकथा : घरात वाचावी, गावात लिहावी



पेरणीच्या तोंडावर तुमच्या घरात एकच चर्चा असते. पाऊस पंधरा दिवस लांबला तर? तुरीवर अळी आली तर? 'असे झाले तर काय होईल?' या एका प्रश्नातूनच विज्ञानकथा उगवते. म्हणून हा प्रकार शिकल्यासवरल्या शहरी माणसांचाच आहे, असे समजू नका.

जादूची गोष्ट वेगळी. दिवा घासला की राक्षस हजर. तो कसा आला हे विचारायचे नसते. विज्ञानकथेत मात्र ते विचारावेच लागते. लेखक एखादी गोष्ट नवी कल्पितो, पण पुढचे सारे निसर्गनियमांना धरून चालवतो. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्न यांनी १८६५ साली कादंबरीतली तीन माणसे फ्लोरिडातून तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडली. १९६९ साली तीन अंतराळवीर खरोखरच फ्लोरिडातून चंद्राकडे निघाले. तोफेऐवजी अग्निबाण लागला, पण वाट आधी कल्पनेने चालून पाहिली होती.

टोपणनावाचा लेखक

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात हे होते कोल्हापुरात जन्मलेले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा पाहून निवाडा करावा, एवढाच हेतू. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली आणि या वाटेला मान मिळाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाट रुंद केली. नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

श्रेय कोणाचे?

त्यांची 'धूमकेतू' ही कथा अवश्य मिळवून वाचा. एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. शास्त्रज्ञ यान पाठवून, स्फोट घडवून त्याची वाट वळवतात. इकडे त्या माणसाच्या घरी शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळते आणि घरच्यांना वाटते, यज्ञ फळाला आला!

कल्पना हास्यास्पद वाटते? २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने 'डार्ट' हे यान डायमॉर्फस या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळवले. आपल्या मोठ्या सोबत्याभोवती फिरायला त्याला जो वेळ लागे, तो अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. म्हणजे आकाशातला दगड ढकलता येतो, हे सिद्ध झाले.

आणि यज्ञाचे काय? ते तर आपल्या बांधावर घडते. गावोगाव फिरताना मी हे कितीदा पाहतो. हरभऱ्यात कामगंध सापळे वेळेवर लावले, निंबोळी अर्क फवारला, घाटेअळी आटोक्यात आली. आणि श्रेय मिळाले शेतात टाकलेल्या अंगाऱ्याला. पुढच्या वर्षी अंगारा आठवणीने टाकला जातो, सापळा मात्र राहून जातो. मग नुकसान कोणाचे? श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण कशाने काय झाले याचा हिशेब चुकला तर त्याची किंमत पिकाला मोजावी लागते. हा हिशेब चांगली विज्ञानकथा हसतखेळत शिकवते.

पुढची कथा कोण लिहिणार?

आजवरच्या बहुतेक विज्ञानकथा आकाशातल्या, प्रयोगशाळेतल्या आणि शहरातल्या. आता यंत्रे भाषा बोलू लागली आहेत, ड्रोन फवारणी करू लागले आहेत, पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे. विहिरीचे पाणी पाताळात गेले तर गाव कसे जगेल? परागीभवन करणाऱ्या मधमाश्या नाहीशा झाल्या तर डाळिंबाच्या बागेचे काय? या कथा लिहायला माती हाताळलेला माणूसच हवा.

तेव्हा एवढे करा. गावच्या वाचनालयात विज्ञानकथेची दोन-चार पुस्तके मागवा. रात्री जेवणानंतर मुलांना एक कथा मोठ्याने वाचायला सांगा, आजी-आजोबांनाही ऐकू द्या. वाचून झाल्यावर दोनच प्रश्न विचारा : यात खरे विज्ञान किती, कल्पना किती? आणि आपल्या शेतात असे झाले तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलीने किंवा मुलाने वहीत उतरवले, तर पुढची मराठी विज्ञानकथा तुमच्याच ओसरीवर जन्माला येईल.