कांजिण्यांची लस : सरकारी कार्डावर नसली तरी माहीत हवी

थंडी सरून उन्हे तापू लागली की कांजिण्या डोके वर काढतात. याच दिवसांत जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला लाखो माणसे येतात. अंगावर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच या आजाराची लागण होते. त्यामुळे गर्दीत आजारी माणूस ओळखून लांब राहणे जमत नाही.

अजूनही काही घरांत ‘देवी आल्या’ म्हणून औषध थांबवतात. देवीचा रोग वेगळा. लसीकरणामुळे तो जगातून नाहीसा झाल्याचे 1980 साली जाहीर झाले. कांजिण्या होतात त्या व्हॅरिसेला झोस्टर या विषाणूमुळे. यात कुणाचा कोप नाही. दंडावर देवीच्या किंवा बीसीजीच्या लशीचा व्रण असला, गोवर-रुबेलाची लस झाली असली, तरी त्यांनी कांजिण्या टळत नाहीत.

कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. लहान मुलांना पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात देतात. दुसरा कधी, ते डॉक्टर सांगतात. तेरा वर्षांपुढे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दोन्ही डोस झाल्यावर आजार बहुधा होत नाही, झालाच तर सौम्य होतो. लशीनंतर हात दुखणे, थोडा ताप, चार-दोन पुटकुळ्या येऊ शकतात.

पैसे मोजकेच असतील तर आधी कोणाला द्यायची, हे डॉक्टरांना विचारा. धडधाकट लहान मुलाला हा आजार बहुधा सौम्य जातो. मोठ्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. म्हणून कांजिण्या न झालेल्या तरुण मुली, लग्न झालेल्या सुना यांचा विचार आधी करा. मात्र गरोदरपणात ही लस घेत नाहीत, आणि घेतल्यावर किमान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

घरात एकाला कांजिण्या आल्या तर बाकीच्यांनी तीन दिवसांच्या आत लस घेतली तरी उपयोग होतो.

रुग्णाच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला शाळेत, कामावर, यात्रेत पाठवू नका. नखे कापा, रोज साध्या पाण्याने अंघोळ घाला. तापाला पॅरासिटामॉल द्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नका. धाप लागली, ग्लानी आली, उलट्या थांबेनात किंवा फोडांत पू झाला तर लगेच दवाखाना गाठा. रुग्ण गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल तर पहिल्याच दिवशी न्या. लवकर दिलेल्या औषधाने धोका कमी होतो.