करवाढीसाठी सत्ता गमावलेले नोदा आता करकपातीच्या बाजूने

नवी दिल्ली, १६ जुलै २०२५ : जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील १२५ जागांसाठी येत्या रविवारी, २० जुलै रोजी मतदान होत आहे. कॉन्स्टिट्यूशनल डेमोक्रॅटिक पक्ष या प्रमुख विरोधी पक्षाने खाद्यपदार्थांवरील उपभोग कर वर्षभरासाठी शून्यावर आणण्याचे आश्वासन दिले आहे. महागाईच्या काळात विरोधकांनी असे आश्वासन द्यावे, यात नवल नाही. नवल आहे ते देणाऱ्या नेत्याचे. आपल्याकडील जीएसटीसारखा असलेला हा कर दुप्पट करण्याचा कायदा ज्यांनी पंतप्रधानपदी असताना मंजूर करून घेतला आणि त्यापायी स्वतःच्या पक्षात फूट ओढवून घेतली, तेच योशिहिको नोदा आज या पक्षाचे अध्यक्ष आहेत.

जपानी राजकारणात वडिलांचा मतदारसंघ मुलाकडे जाण्याची रीत जुनी आहे. ६८ वर्षीय नोदा यांच्यामागे असा कोणताही वारसा नव्हता. टोकियोशेजारच्या चिबा प्रांतातील फुनाबाशी येथे वाढलेल्या नोदा यांचे वडील स्वसंरक्षण दलात होते. वासेदा विद्यापीठातील शिक्षणानंतर नोदा मात्सुशिता संस्थेच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले. उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांनी भावी नेते घडवण्यासाठी ही संस्था काढली होती. पैसा आणि घराणे नसलेल्या उमेदवाराने करावे ते नोदा यांनी केले. १९८६ पासून ते रोज सकाळी रेल्वे स्थानकाबाहेर उभे राहून कामावर निघालेल्या प्रवाशांसमोर भाषण करू लागले. २०१० मध्ये अर्थमंत्री होईपर्यंत हा नेम त्यांनी चालू ठेवला. १९८७ मध्ये प्रांतिक विधिमंडळात आणि १९९३ मध्ये संसदेत त्यांचा प्रवेश झाला. १९९६ मध्ये मात्र ते अवघ्या १०५ मतांनी पराभूत झाले.

सप्टेंबर २०११ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुदुर्घटनेला सहा महिनेही झाले नव्हते. स्वतःला ते चकचकीत गोल्डफिशऐवजी चिखलात राहणाऱ्या साध्या माशाची उपमा देत. त्याच डिसेंबरमध्ये ते भारतात आले होते. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याबरोबरच्या चर्चेत दोन्ही देशांमधील चलन अदलाबदलीची मर्यादा १५ अब्ज डॉलरपर्यंत वाढवण्याचे ठरले. महाराष्ट्रातून जाणाऱ्या दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी जपानने ४.५ अब्ज डॉलरचे साहाय्यही देऊ केले.

पण नोदा यांची कारकीर्द लक्षात राहिली ती करामुळे. जपानचे सरकारी कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट झालेले, लोकसंख्या वृद्ध होत चाललेली आणि निवृत्तिवेतन व आरोग्याचा खर्च वाढत असलेला. हा भार पुढच्या पिढीवर टाकू नये, अशी भूमिका घेऊन नोदा यांनी उपभोग कर ५ वरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेणारा कायदा ऑगस्ट २०१२ मध्ये संमत करून घेतला. त्यासाठी त्यांनी विरोधी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाशी हातमिळवणी केली. त्यांच्याच पक्षातील प्रबळ नेते इचिरो ओझावा सुमारे ५० खासदारांसह बाहेर पडले. डिसेंबरच्या निवडणुकीत, २००९ मध्ये ३०८ जागा जिंकणारा सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्ष ५७ जागांवर आला आणि शिंझो आबे सत्तेवर आले. त्या पराभवातून विरोधी पक्ष बराच काळ सावरले नाहीत.

नोदा यांना पुन्हा प्रकाशात आणले तेही आबे यांच्यामुळेच. आबे यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये संसदेत नोदा यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले. पुन्हा एकदा आपल्याशी वाद घालायला या, असे दिवंगत प्रतिस्पर्ध्याला उद्देशून म्हणणारे हे भाषण सर्वपक्षीय प्रशंसेस पात्र ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षाचे संस्थापक युकिओ एदानो यांचा पराभव करून ते अध्यक्ष झाले. पुढच्याच महिन्यात पक्षाच्या कनिष्ठ सभागृहातील जागा ९८ वरून १४८ झाल्या आणि सत्ताधारी आघाडीचे बहुमत गेले. तरीही पंतप्रधानपदाच्या निर्णायक फेरीत शिगेरू इशिबा यांना २२१ आणि नोदा यांना १६० मते मिळाली. इतर विरोधी खासदारांनी आपापल्या नेत्यांची नावे लिहिल्याने ८४ मते बाद झाली.

यंदा तांदळाचे भाव वर्षभरात सुमारे दुप्पट झाले. पक्षातून करकपातीची मागणी वाढली. कपातीचा आग्रह धरणाऱ्यांनी वेगळा पक्ष काढावा, असे एदानो यांनी सुनावले. नोदा यांनी मात्र एप्रिलमध्ये ती मान्य केली. खाद्यपदार्थांवर सध्या ८ टक्के कर आहे आणि तो माफ केल्यास वर्षाला सुमारे ५ लाख कोटी येन महसूल बुडेल. मुदत एक वर्षाची आणि तूट भरण्यासाठी नवे कर्ज नाही, या दोन अटींवर नोदा अडून आहेत. २०१२ चे नोदा अजून शिल्लक आहेत ते या अटींमध्ये.

हीच सावधगिरी गेल्या महिन्यातही दिसली. अमेरिकेशी आयातशुल्काच्या वाटाघाटी चालू असताना राजकीय पोकळी नको, असे सांगून त्यांनी इशिबा सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आणण्याचे टाळले. सत्ताधारी आघाडीला वरिष्ठ सभागृहातील बहुमतासाठी रविवारी ५० जागा हव्या आहेत. त्या न मिळाल्या, तरी सरकार आपोआप पडणार नाही, कारण पंतप्रधानाच्या निवडीत कनिष्ठ सभागृहाचा कौल अंतिम असतो. तेथे अविश्वास ठराव आणायचा की नाही, हा प्रश्न मग पुन्हा नोदा यांच्यासमोर येईल. आणि तो आणल्यास नोव्हेंबरमध्ये त्यांचे नाव न लिहिणाऱ्या पक्षांची मते त्यांना आधी मिळवावी लागतील.