हजेरीच नाही, तर हक्क कुठला?

भिवंडीच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला मुकादम एके दिवशी सांगतो, "उद्यापासून येऊ नकोस." ना नोटीस, ना हिशेब!

कायदा नाही, असे नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. बडतर्फीविरुद्ध एकट्या कामगारालाही दाद मागता येते; मात्र दोन वर्षांच्या आत.

मग अडते कुठे? पुराव्यापाशी. विजेवर चालणाऱ्या जागेत 20 कामगार असले तरच कायद्याने ती कारखाना ठरते. म्हणून एकाच शेडमधले माग निरनिराळ्या नावांवर दाखवले जातात. हजेरीपट नाही, नियुक्तीपत्र नाही. कामगाराने घाम गाळला, पण कागदावर तो कधी कामाला नव्हताच!

7 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध संपात उडी घेतली. कामगाराचे हित विधेयकाच्या कलमांत जपले जाते किंवा बुडते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्ही ही कलमे मागावरच्या माणसापर्यंत किती पोहोचवली?

बांधवांनो, मजुरीची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. नियुक्तीपत्र लेखी मागा. आणि एकेकट्याने नव्हे, संघटित होऊन मागा. आमचे सांगणे एवढेच आहे.