नव्या धान्यावर पहिला हक्क कुणाचा?

सुगीचा सण म्हटला की आपण आनंदच गृहीत धरतो. पीक हाती आलं, म्हणून गोडधोड. पण या सणाच्या धार्मिक मुळाशी गेलो, तर आनंदाच्या आधी आपल्याला एक मनाई भेटते: देवाला दिल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही. ही मनाई कशासाठी, हा आपला आजचा प्रश्न.

वैदिक कर्मकांडात ‘आग्रयण’ नावाची इष्टी आहे. अग्र म्हणजे पहिलं. पहिल्या धान्याची ती आग्रयण. शरदात भाताची, वसंतात जवाची आणि पावसाळ्यात श्यामाकाची, म्हणजे वरीसारख्या बारीक धान्याची. भात-जवाच्या आहुती इंद्र-अग्नी, विश्वेदेव आणि द्यावापृथिवी यांना जातात. द्यावापृथिवी म्हणजे आकाश आणि जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा: एक पाऊस देतं, दुसरी पीक देते.

असं का करायचं? शतपथ ब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडात याची दोन उत्तरं शेजारी शेजारी आहेत. कहोड कौषीतकी म्हणतो, धान्यातला रस हा द्यावापृथिवीचा आहे, तो देवांना अर्पण करून मग आपण खाऊ. दुसरं उत्तर याज्ञवल्क्याच्या नावावर आहे, ते कथेच्या रूपात येतं. असुरांनी वनस्पती विषाने आणि जादूटोण्याने दूषित केल्या. माणसं खाईनात, गुरं चरेनात. देवांनी यज्ञाने ते अन्न पुन्हा शुद्ध केलं.

आता ही दोन उत्तरं वेगळी आहेत, हे ध्यानात घ्या. एकाचा विषय मालकीचा, दुसऱ्याचा भयाचा. नवं अन्न आपलं नाही म्हणून थांबायचं, की ते बाधेल म्हणून थांबायचं? परंपरेने दोन्ही उत्तरं जपली, आणि ते बरंच झालं. माणसाच्या मनात ही दोन्ही एकत्रच नांदतात.

मग आपले सण या यज्ञातून निघाले का? इथे जपून बोललं पाहिजे. लिहून आधी ठेवलं गेलं, म्हणून ते आधी सुरू झालं, असं होत नाही. शेतकऱ्यांची रीत यज्ञात शिरली असेल, हेही तितकंच शक्य आहे. कोकणात आश्विन पौर्णिमेला ‘नव्याची पुनव’ म्हणतात. भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं एकत्र बांधून ‘नवं’ दाराला लावतात, नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. त्याला ना ऋत्विज लागतो, ना तीन अग्नी. गोव्यात राय आणि ताळगावचे ख्रिस्ती शेतकरी ऑगस्टमध्ये कणसाचं फेस्त करतात. पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. देव बदलला, धर्म बदलला, पण पहिलं कणीस आधी वर दाखवायचं, हे काही बदललं नाही.

इथे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: राबला शेतकरी, मग पहिला वाटा दुसऱ्याचा का? प्रश्न रास्त आहे. ‘हे सगळं तुझं नाही’ हे वाक्य देवाच्या तोंडून एक अर्थ सांगतं आणि खोताच्या तोंडून दुसराच. ज्या कोकणात नवं बांधलं जात होतं, त्याच कोकणात पिकाचा मोठा हिस्सा खोत नेत होता. ती पद्धत बंद करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं.

म्हणून आपण या दोन मागण्या वेगळ्या ठेवू. कहोडाचं म्हणणं कष्ट नाकारत नाही. बी आपलं, घाम आपला, हे मान्यच. पाऊस मात्र आपण पाडलेला नाही, आणि माती आपण घडवलेली नाही. खोताने ना पाऊस पाडला, ना घाम गाळला. त्याच्या वाट्याला हा आधार मिळत नाही.

आज तांदूळ पिशवीतून येतो. तो नवा की जुना, हे आपण पाहतो ते भात चिकट होईल का, एवढ्यापुरतंच. आग्रयण करा, असं आम्ही सांगणार नाही. पण पहिल्या घासाआधी क्षणभर थांबून, यात आपलं किती आणि दुसऱ्यांचं किती, एवढा हिशेब ज्याने मांडला, त्याला त्या जुन्या मनाईचा अर्थ कळला, असं आम्ही समजू.