बी आणि जमीन : मुखाच्या कर्करोगातील आधार-ऊतक

कर्करोगाचा अभ्यास करताना आपली दृष्टी बहुधा बिघडलेल्या पेशीवरच खिळून राहते. तिच्या भोवतीचे संयोजी ऊतक, म्हणजेच स्ट्रोमा, हे केवळ बसावयाचे आसन समजले जाते. स्तनाच्या कर्करोगाचे बीज ठराविक इंद्रियांतच का रुजते, या प्रश्नाचा विचार करताना स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली बी आणि जमीन यांचा दृष्टान्त दिला. एकच बियाणे तापीकाठच्या काळ्या जमिनीत व सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड रानात कसे वेगळे उगवते, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकास सांगावयास नको. मात्र येथे बी जमिनीला बदलते आणि क्वचित जमीनच आधी बिघडते.

सुपारीमुळे होणारी मुखाची अधःश्लेष्मल तंतुमयता हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत, तर डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये मुंबईत या विकाराचे वर्णन केले. आरंभी ठेच्याचा घास सोसवत नाही. पुढे तोंडच उघडत नाही. सुपारीतील ॲरेकोलीन फायब्रोब्लास्ट पेशींना उत्तेजित करते. तिच्यातील तांबे लायसिल ऑक्सिडेज या विकराचे कार्य वाढविते व कोलॅजेनचे तंतू एकमेकांस घट्ट जखडले जातात. रक्तवाहिन्या विरळ होतात, वरची उपकला पातळ पडते. एर्नाकुलम जिल्ह्यातील 66 रुग्णांच्या 17 वर्षांच्या पाहणीत (1985) 7.6 टक्के रुग्णांस कर्करोग झाला.

अर्बुद एकदा उद्भवले की देवाणघेवाण दुहेरी होते. अर्बुद-पेशी टीजीएफ-बीटा स्रवून फायब्रोब्लास्टांना आकुंचनशील बनवितात. ते उलट वृद्धिघटक पुरवितात व कोलॅजेन कापणारी विकरे सोडून आक्रमणाची वाट मोकळी करतात. ऊतकाचा ताठरपणाही इंटेग्रिनांच्या द्वारे पेशीस विभाजनाचा संदेश देतो.

मग स्ट्रोमाच नष्ट करावा काय? इतके सोपे ते नाही. 2014 मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांतील असे फायब्रोब्लास्ट घटविले, तेव्हा अर्बुदे अधिकच आक्रमक झाली. कुंपण कोणते व खत कोणते, हे पेशीगणिक तपासावे लागते.

महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. परंतु तंबाखूविरहित सुपारीही कर्कजनक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला होता. सुपारी सोडल्यावरही जखडलेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. म्हणून अशा रुग्णाचे मुख व्यसन सुटल्यानंतरही वरचेवर तपासणे अगत्याचे ठरते.